बिल ठरतं दाखल होताना

चौदा तालुके आणि १७,०४८ चौरस किलोमीटर. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, एसटीच्या रांगेत अजून नगरच. या विस्ताराचा एक परिणाम भूगोलाच्या पुस्तकात येत नाही. रात्री घरात कुणाच्या छातीत कळ आली तर अकोले तालुक्यातली माणसं संगमनेर नाहीतर नाशिक गाठतात. नेवाशाची गाडी संभाजीनगरकडे वळते, पारनेर-श्रीगोंद्याची पुण्याच्या रस्त्याला लागते, जामखेडची नगरकडे किंवा बार्शीकडे. राहाता-कोपरगावला शिर्डी आणि लोणी जवळ. कुठे वळायचं हे पाच मिनिटांत ठरतं आणि ठरवणारा बहुधा घाबरलेला मुलगा असतो, गाडीचा ड्रायव्हर असतो, नाहीतर फोनवरचा मेहुणा. पुढच्या दहा दिवसांचा निम्मा खर्च त्या पाच मिनिटांत ठरून जातो. उरलेल्यातला बराचसा ठरतो दाखल करून घेणाऱ्या काउंटरवर, डिपॉझिट भरताना आणि खोली निवडताना.

बिल हातात पडल्यावर जी धावपळ सुरू होते, म्हणजे कुणाच्या ओळखीने सवलत मागणं, पाटल्या गहाण टाकणं, भावकीत हात पसरणं, तिने दहा-वीस हजार वाचतात. लाख-दोन लाख वाचतात ते आधीच्या प्रश्नांनी. ते प्रश्न माहीत असणारी माणसं दवाखान्यात अजून फार कमी दिसतात.

सुरुवात सरकारी दवाखान्यापासून करू, कारण तिथे काय बदललं हे पुष्कळांना ठाऊकच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यात गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र येतं, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय येतं आणि नगरचं सिव्हिलही. केसपेपरचेही पैसे नाहीत. सिव्हिलबद्दल लोक काय बोलतात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यातलं काही खरंही आहे. पण सर्पदंश, विषबाधा, साधं बाळंतपण, कुत्रं चावणं यासाठी खाजगी दवाखान्याकडे आधी धावण्यात शहाणपण नाही. साप चावलेल्या माणसाला पहिल्या तासात प्रतिविषाचं इंजेक्शन मिळणं महत्त्वाचं, वातानुकूलित खोली नव्हे. १०८ ची गाडी बोलावली तर तिचे पैसे लागत नाहीत, शिवाय आत डॉक्टर असतो. ओळखीच्या जीपपेक्षा ती दहा मिनिटं उशिरा येईलही, पण ऑक्सिजन लागणार असेल तर त्या दहा मिनिटांचा हिशेब वेगळा करावा लागतो.

मोठ्या आजाराला मात्र सिव्हिल पुरत नाही, आणि तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना येते. ही योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नगर त्या आठांत नव्हतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली तेव्हा आपला नंबर लागला. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. आधी वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाचं संरक्षण होतं आणि ते पिवळ्या-केशरी कार्डापुरतं होतं. २०२३ च्या निर्णयाने मर्यादा पाच लाख झाली आणि पांढऱ्या कार्डाची कुटुंबंही आत आली. म्हणजे आज नगर जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराला, बागायतदाराच्या आणि प्राध्यापकाच्याही, कागदावर पाच लाखांचा आधार आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. त्याला उत्पन्नाची अट नाही.

कागद आणि काउंटर यांच्यात अंतर आहे, आणि ते समजून घेतलं तरच योजना उपयोगी पडते. पहिली गोष्ट, ती प्रत्येक आजाराला लागू नाही; ठरवून दिलेल्या उपचारांची यादी आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस, मोडलेली हाडं, मेंदूच्या शस्त्रक्रिया असं बरंच काही तिच्यात आहे, पण दोन दिवसांच्या साध्या तापासाठी दाखल झालात तर ती मिळेलच असं नाही. दुसरी गोष्ट, ती प्रत्येक दवाखान्यात नाही. दवाखाना योजनेशी जोडलेला असावा लागतो आणि जोडलेल्या दवाखान्यातही सगळेच विभाग योजनेत असतात असं नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. उपचारांची मंजुरी आधी घ्यावी लागते. रोखीचा पेशंट म्हणून डिपॉझिट भरून दाखल झालात आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं म्हणून केशरी कार्ड पुढे केलंत, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘आता फाईल झाली.’ तातडीच्या वेळी फोनवर कळवून दाखल करून घेण्याची आणि कागद मागाहून देण्याची सोय योजनेत आहे, पण ती मागावी लागते.

म्हणून दवाखान्यात पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न ‘डिपॉझिट किती?’ हा विचारायचा नाही. ‘आरोग्यमित्र कुठे बसतात?’ हे विचारायचं. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात हा माणूस नेमलेला असतो आणि त्याचं टेबल बहुधा मुख्य दारापासून सगळ्यांत लांब असतं. तो सापडला नाही तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकांवर फोन करायचा. काही दवाखाने योजनेच्या पेशंटबाबत टाळाटाळ करतात, त्यालाही कारण आहे. योजनेचे दर बाजारातल्या दरांपेक्षा कमी असतात आणि सरकारकडून पैसे यायला वेळ लागतो, अशी त्यांची तक्रार असते. ही तक्रार अगदीच खोटी नाही. पण तिचं उत्तर सरकारने द्यायचं आहे, स्ट्रेचरवरच्या माणसाने नव्हे. खाट नाही म्हणाले तर लेखी मागा. लेखी मागितल्यावर खाट सापडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

योजनेतून काम होत नसेल तर दुसरं दार धर्मादाय दवाखान्याचं. आपल्या जिल्ह्यात ट्रस्टच्या दवाखान्यांची परंपरा जुनी आहे. नगर शहरात साल्व्हेशन आर्मीचं बूथ हॉस्पिटल, जैन सोशल फेडरेशन चालवत असलेलं आनंदऋषीजी हॉस्पिटल, विळद घाटातलं विखे पाटील फाउंडेशनचं रुग्णालय, लोणीचं प्रवरा रुग्णालय, शिर्डीला साई संस्थानची रुग्णालयं. यांपैकी बऱ्याच ठिकाणी मुळातच दर आवाक्यात असतात, आणि ‘पुण्याला नेऊ’ म्हणण्याआधी तिथे एक फोन करणं केव्हाही बरं.

पण मला सांगायचं आहे ते कायद्याबद्दल. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लावून दिलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. या मर्यादा वेळोवेळी वाढत आल्या आहेत. हा खर्च भागवण्यासाठी रुग्णालयाने इतर पेशंटच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची असते. या रुग्णांकडून डिपॉझिट मागायचं नाही, आणि तातडीच्या पेशंटला आधी दाखल करून स्थिर करायचं, हेही त्याच योजनेत आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर डिपॉझिटचा प्रश्न राज्यभर गाजला, तेव्हा पुष्कळांनी हा नियम पहिल्यांदा ऐकला. नियम तेव्हा जवळजवळ दोन दशकं जुना होता. पुण्याला जाणाऱ्या पारनेरकरांनी आणि श्रीगोंदेकरांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण तिथली कितीतरी नावाजलेली, काचेच्या दारांची रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय आहेत. दारात पाटी लागलेली असते. विचारायचं ते समाजसेवा अधिकाऱ्याला आणि तेही पहिल्याच दिवशी. नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते.

रस्त्यावरच्या अपघाताचं दार निराळं. नगर-मनमाड रस्त्याची कीर्ती काही मी सांगायला नको. ५ मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेप्रमाणे, मोटार वाहनाच्या अपघातात सापडलेल्या कुणालाही अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकड न भरता मिळू शकतात. पोलिसांत अपघाताची नोंद होणं त्यासाठी गरजेचं आहे. ‘पोलीस भानगड नको’ म्हणून परस्पर मिटवणारे पुढे या पैशालाही मुकतात आणि नुकसानभरपाईच्या दाव्यालाही.

नागापूरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीतल्या कामगारांच्या पगारातून महिन्याला पाऊण टक्का ईएसआयसीसाठी कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. पगार २१ हजारांपर्यंत असलेल्यांना हे लागू आहे. त्यातून बायको-मुलांचेही उपचार होतात, अवलंबून असलेल्या आई-वडिलांचेही. कंत्राटी पोरं ही कपात कुठली हे कधी विचारत नाहीत. पगाराची पावती मागून त्यावरचा विमा क्रमांक घरी लिहून ठेवला तर तो रात्री दोन वाजता उपयोगी पडतो.

मुख्यमंत्री सहायता निधीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण अर्ज करायला लोक डिस्चार्जनंतर जातात. तो पैसा पेशंटच्या हातात येत नाही, दवाखान्याच्या खात्यात जातो, आणि उपचार चालू असतानाच अर्ज करावा लागतो. दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ही त्यातली मुख्य कागदं. जिल्हाधिकारी कार्यालयातही आता या निधीचा कक्ष आहे.

एवढी दारं ठोठावूनही पैसे लागतातच, आणि ते कुठून आणायचे हा नगरकरांचा खरा जिव्हाळ्याचा विषय. प्रवरेच्या काठी १९४८ मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याची नोंदणी केली ती सावकाराला पर्याय म्हणून. त्या जिल्ह्यात आज दवाखान्याच्या बिलासाठी माणूस शेकडा तीन रुपयांनी पैसे उचलतो. दोन लाखांना महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार व्याज, आणि मुद्दल तसंच. त्यापेक्षा बँकेत सोनं तारण ठेवणं कितीतरी स्वस्त पडतं. दुभती गाय विकणं मात्र शेवटचा उपाय समजावा, कारण तिच्याबरोबर दर दहा दिवसांचं दुधाचं बिलही जातं आणि पुढचं कर्ज फेडायला काही उरत नाही.

अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे कुठे ठेवायचे, हेही या जिल्ह्याने महागात शिकलं आहे. ४ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी म्हातारपणाची सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवली आणि नेमकी ती अडचणीत आली, तर आयसीयूच्या बाहेर उभं राहून ठेवीची पावती दाखवण्यात अर्थ नसतो. किमान पन्नास हजार तरी राष्ट्रीयीकृत बँकेच्या साध्या बचत खात्यात असावेत, आणि त्या खात्याचा पिन घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत असावा.

आता मेडिक्लेम. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी या नावाची पॉलिसी आणली आणि ते नाव इतकं रुळलं की आज कुठल्याही कंपनीच्या आरोग्य विम्याला आपण मेडिक्लेमच म्हणतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. पॉलिसी घ्यावी की नाही असा घोळ घालत बसलेल्यांना हे एक निमित्त झालं आहे.

तरीही माझं मत असं, की प्रत्येक घराने धावत जाऊन पॉलिसी घेऊ नये. पाथर्डीच्या ऊसतोड कुटुंबाने उचलीतून वीस हजारांचा हप्ता भरायचा आणि दुसऱ्या वर्षी पॉलिसी बंद पाडायची, यात फायदा एजंटचा. त्या घराने आधी आयुष्मान कार्ड काढावं, ते बरोबर ठेवावं आणि टोळी ज्या कारखान्यावर जाते तिथल्या जवळच्या योजनेतल्या दवाखान्याचं नाव विचारून घ्यावं. कार्ड राज्यातल्या कुठल्याही जोडलेल्या दवाखान्यात चालतं. शिवाय बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्यावा. फक्त एक घोटाळा करू नये: तो दोन लाखांचा विमा अपघाती मृत्यूचा आणि अपंगत्वाचा आहे. त्यातून दवाखान्याचं बिल भागत नाही. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात अनुदानाचंही तेच. ‘आमचा विमा आहे’ असं म्हणणाऱ्या कितीतरी घरांत हाच विमा असतो.

मेडिक्लेम खरा कामाचा आहे तो मधल्या घरांना. दुकानदार, खाजगी क्लासवाले, डाळिंब-द्राक्षवाले, कंपनीतले सुपरवायझर. ज्यांना योजनेच्या दवाखान्याबाहेरही जायचं असतं आणि चार लाखांचं बिल एका दमात भरणं ज्यांना जड जातं ते. यांनी पॉलिसी बघताना हप्ता सगळ्यांत शेवटी बघावा.

पहिल्यांदा बघायचा तो रस्ता. वर म्हटलं तसं, तुमच्या घरची गाडी रात्री कुठे वळणार आहे? संगमनेर, नाशिक, नगर, पुणे, जे काही असेल तिथल्या ज्या दोन-तीन दवाखान्यांत तुम्ही खरोखर जाल, ते कंपनीच्या कॅशलेस यादीत आहेत का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर आणि दवाखान्याच्या विमा काउंटरवर, दोन्हीकडे विचारायचं. देशभरात हजारो दवाखाने असल्याच्या जाहिरातीचा श्रीरामपूरकराला काही उपयोग नाही. आणखी एक बारीक कलम असतं. काही कंपन्या शहरांचे गट पाडतात. नगरचा पत्ता दिला की हप्ता कमी, पण त्याच पॉलिसीवर वरच्या गटातल्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक टक्का हिस्सा तुमच्या माथी. आपल्याकडची निम्मी मोठी ऑपरेशनं पुण्या-मुंबईत होतात हे लक्षात घेतलं तर हे कलम आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटावं.

मग खोलीचं भाडं. सगळ्यांत जास्त माणसं इथे फसतात. समजा तीन लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. ‘आईला जरा बरी खोली घेऊ’ म्हणून तुम्ही सहा हजारांची घेतली. पाच दिवस राहिलात. बिल दोन लाख झालं: खोलीचे तीस हजार, सर्जन-भूलतज्ज्ञ-ऑपरेशन थिएटर-व्हिजिट मिळून एक लाख, औषधं आणि आत बसवलेली प्लेट मिळून सत्तर हजार. तुम्ही धरून चालता की फरक फक्त खोलीचा, पंधरा हजारांचा. कंपनी तसं करत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली म्हणून खोलीशी जोडलेले डॉक्टरांचे आणि थिएटरचे आकारही ती निम्मेच मंजूर करते. औषधं, प्लेट, तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, असं विमा नियामकाने बजावलेलं आहे. म्हणजे मिळाले पंधरा अधिक पन्नास अधिक सत्तर, एकूण एक लाख पस्तीस हजार. पासष्ट हजार खिशातून गेले, आणि हातमोजे-कॉटनसारख्या न मिळणाऱ्या वस्तू अजून धरलेल्याच नाहीत. म्हणून खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी घ्यावी. मर्यादा असेल तर दाखल होताना काउंटरवर तोंडाने सांगावं: ‘तीन हजारांच्या आतलीच खोली द्या.’

तुलनेसाठी आरोग्य संजीवनी ही पॉलिसी हाताशी असू द्यावी. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना ती एकाच स्वरूपात विकावी लागते. खोलीभाडं विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त पाच हजार, आणि प्रत्येक दाव्यात पाच टक्के हिस्सा आपला. एजंट जी पॉलिसी दाखवतोय ती हिच्यापेक्षा कशात सरस आहे, असं त्याला विचारून पाहा. चांगला एजंट नीट उत्तर देतो.

प्रतीक्षेचा काळ हे दुसरं दुखणं. पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, गुडघेबदल असल्या ठरावीक गोष्टींना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारासाठी पूर्वी चार वर्षांपर्यंत थांबवत. एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा तीन वर्षांवर आली. म्हणून डॉक्टरांनी ‘सहा महिन्यांत गुडघा बदलू’ म्हटल्यावर घेतलेली पॉलिसी त्या गुडघ्याच्या कामाची नसते.

बीपी, साखर, तंबाखू, जुनं ऑपरेशन हे सगळं फॉर्मवर लिहा. एजंट म्हणेल, ‘राहू द्या हो, उगाच हप्ता वाढतो.’ हप्ता वाढला तर वाढू द्या. दावा नाकारला जातो तो बहुतेकदा अशा लपवालपवीमुळे, आणि पुरावा मिळतो केसपेपरवरच. दाखल करताना डॉक्टर विचारतात, बीपी कधीपासून? घाईत मुलगा सांगतो, ‘बरीच वर्षं झाली.’ निवासी डॉक्टर इंग्रजीत लिहून टाकतात, दहा वर्षांपासून. पॉलिसी चार वर्षांची असते. तेव्हा पेशंटचा इतिहास घरातल्या नीट माहीत असलेल्या माणसानेच सांगावा, आणि लिहिलेलं वाचून बघावं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की उघड फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही.

आई-वडिलांना आपल्याच फ्लोटरमध्ये घालू नका. एकत्र पॉलिसीचा हप्ता सगळ्यांत थोरल्याच्या वयावर ठरतो. सत्तरीच्या वडिलांमुळे पाच वर्षांच्या मुलाचाही विमा महाग होतो. त्यांची वेगळी काढावी. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, असा नियम जानेवारी २०२५ मध्ये आला. बँकेमार्फत मिळणारी गट पॉलिसी स्वस्त असते, पण बँकेचा आणि कंपनीचा करार संपला की तुमचं काय, हे विचारून ठेवा. आणि हप्त्याची तारीख पैसे हातात येण्याच्या महिन्यात असावी. उसाचं बिल फेब्रुवारी-मार्चमध्ये येणार आणि हप्ता ऑगस्टमध्ये भरायचा, म्हणजे पॉलिसी दोन वर्षांत बुडाली म्हणून समजा. तारखेनंतर तीस दिवसांची सवलत मिळते खरी, पण वर्षाचा हप्ता एकरकमी भरणाऱ्यांना त्या मधल्या दिवसांत आजारपण आलं तर संरक्षण नसतं.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी डॉक्टर ‘घरी जा’ म्हणतात आणि संध्याकाळपर्यंत कॅशलेसची फाईल फिरत राहते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असते. उशिरामुळे दवाखान्याने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. काउंटरवरच्या माणसाला हे शांतपणे सांगून बघावं.

बिल वाचायला शिकवलं ते कोविडने. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्याने खाजगी दवाखान्यांचे दर बांधले: साध्या वॉर्डला दिवसाला चार हजार, आयसीयूला साडेसात, व्हेंटिलेटरसह नऊ हजार. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसले आणि राज्यात ठिकठिकाणी जादा घेतलेले पैसे परत करायचे आदेश निघाले. अकोले इथले शिक्षक-लेखक हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने आणि जन आरोग्य अभियानाने हा प्रश्न लावून धरला. कर्ता माणूस गेला आणि वर लाखांचं बिल, अशी घरं त्यांच्यासमोर होती. त्या वेळी कळलं की तपशीलवार बिल मागितलं की आकडे हलतात. आता ते दर नाहीत, पण राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, आणि तपशीलवार बिल हा तुमचा हक्क आहे. रोजच्या रोज ‘आजपर्यंत किती झालं’ हे विचारून वहीत टिपावं. डॉक्टरांची व्हिजिट एक आणि बिलात तीन, परत केलेली इंजेक्शनं वजा न होणं, एकच तपासणी दोनदा. असल्या गोष्टी त्याच दिवशी विचारल्या तर दुरुस्त होतात. स्टेंटसारख्या वस्तूंच्या किमतीवर सरकारने २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे, तेव्हा त्यांचं स्टिकर आणि पावती मागून घ्यावी.

कंपनीने दावा नाकारला तर पुष्कळ लोक नशिबाला बोल लावून गप्प बसतात. कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो. वकील लागत नाही, फी नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात.

खर्चच उद्भवू नये, याचाही एक प्रयोग याच जिल्ह्यात झाला. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं; जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, गरोदर बाईची तपासणी, बाळाचं वजन. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातले लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. आज गावातली दुखणी बदलली आहेत. जुलाबाची जागा बीपी-साखरेने घेतली आहे. बीपीची गोळी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, अर्धांगवायूचं बिल लाखांत जातं. गोळी वेळेवर घेण्याइतका मोठा परतावा कुठल्याच पॉलिसीत नाही.

राहता राहिली फाईल. आयुष्मान कार्ड, रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती, पॉलिसीचं कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि आरोग्यमित्राच्या हेल्पलाइनचा नंबर एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दाराजवळच्या कपाटात ठेवावं. आयुष्मान कार्ड नसेल तर गावच्या आशाताईंना विचारा, किंवा सेवा केंद्रावर आधार आणि रेशनकार्ड घेऊन जा. उत्पन्नाचा दाखलाही त्यातच ठेवा, पण त्याची मुदत मार्चअखेर संपते हे ध्यानात असू द्या. जूनमध्ये कॉलेज प्रवेशांमुळे सेतूवर रांगा लागतात. नवा दाखला एप्रिल-मेमध्येच काढून घ्यावा.